मारून मिळवलेल्या वेळेचा हिशेब

६ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एका शहामृग-पालन केंद्राचा शेवटचा अर्ज फेटाळला आणि त्याच रात्री तिथले तीनशेच्या आसपास पक्षी गोळ्या घालून मारण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये त्या कळपात बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. ६९ पक्षी दगावले, उरलेले तगले, आणि पुढचे दहा महिने एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात गेले. या काळात जो वाद जगभर रंगला, त्यात एका बाजूला निरपराध जिवांच्या कत्तलीचा आक्रोश होता आणि दुसऱ्या बाजूला ‘विज्ञान सांगते म्हणून’ एवढेच उत्तर होते. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी कोंबड्या मारण्याऐवजी विषाणू कळपातून पसरू द्यावा आणि जे पक्षी तगतील ते ओळखून जपावेत, असा विचार मांडला होता. त्यावरही समर्थन आणि टवाळी यांपलीकडे फारशी चर्चा झाली नाही. मारावे की मारू नये, एवढ्याच प्रश्नाभोवती हा वाद फिरत राहतो, आणि नेमका तोच प्रश्न त्यातला सर्वांत सोपा आहे.

माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. ज्या शेडमध्ये अतितीव्र बर्ड फ्लूचा शिरकाव झाला आहे, त्या शेडमधले पक्षी तत्काळ मारणे समर्थनीय आहे. त्याला आजतरी पर्याय नाही. परंतु या कृतीने रोग हटत नाही, तिने फक्त वेळ मिळतो. म्हणून प्रत्येक कत्तलीचे मूल्यमापन किती पक्षी किती चपळाईने मारले यावर न करता, त्या मरणाने मिळवून दिलेल्या वेळात पुढे काय केले, यावर झाले पाहिजे. या कसोटीवर कत्तलीचे बहुतेक विरोधक चुकीचे ठरतात, आणि तिचे बहुतेक समर्थकही.

विषाणू पसरू द्यावा या कल्पनेपासून सुरुवात करू, कारण तिच्यात वरवर पाहता शेतकरी शहाणपण दिसते. तगेल ते पेरावे, हा निवडीचा नियम माणसाने हजारो वर्षे वापरला आहे. पण आधुनिक कुक्कुटपालनात अंडी देणारी कोंबडी कुणाचीही आई नसते. तिची पैदास मूठभर प्रजनन-कंपन्यांच्या वेगळ्या पालक कळपांतून होते आणि अंडी देण्याचा काळ संपला की तिची वंशरेषा तिच्यापाशीच थांबते. लाख कोंबड्यांच्या शेडमध्ये शंभर तगल्या, तर त्यांचे तगणे पुढच्या पिढीत जाण्याचा मार्गच नाही. शिवाय तगणार किती? इटलीत १८७८ मध्ये एदोआर्दो पेरोंचितो यांनी या रोगाचे पहिले वर्णन केले तेव्हापासून त्याला ‘कोंबड्यांचा प्लेग’ म्हणत, ते उगाच नव्हे. कोंबड्यांमध्ये या रोगाचे मृत्युप्रमाण नव्वद ते शंभर टक्क्यांपर्यंत जाते. तुरा निळा पडतो, डोके सुजते, श्वास अडकतो, आणि लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांत शेड शांत होते. मारणे क्रूर आणि पसरू देणे दयाळू, अशी मांडणी करणाऱ्यांनी हा मृत्यू एकदा डोळ्यांसमोर आणावा.

याहून गंभीर आक्षेप असा की ‘पसरू देण्याचा’ प्रयोग जगाने आधीच करून पाहिला आहे, तोही हेतुपुरस्सर नव्हे तर दुर्लक्षाने. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एप्रिल १९८३ मध्ये बर्ड फ्लूच्या एच५एन२ या विषाणूचा सौम्य प्रकार आढळला. तो सौम्य असल्यामुळे कोंबड्यांत फिरत राहिला आणि ऑक्टोबरमध्ये त्याने एकाएकी संहारक रूप घेतले. अखेर सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले. मेक्सिकोत १९९४ मध्ये आणि इटलीत १९९९ मध्ये हीच गोष्ट घडली. एच५ आणि एच७ या गटांतले विषाणू कोंबड्यांत फिरत राहिले की त्यांच्या आवरणावरील एका प्रथिनाच्या ठरावीक जागी बदल होऊ शकतो, आणि त्या बदलानंतर श्वसनमार्ग व आतडी यांपुरता राहणारा विषाणू शरीराच्या प्रत्येक अवयवात वाढू लागतो. प्रत्येक नवा बाधित पक्षी म्हणजे या बदलासाठी टाकलेला आणखी एक फासा. फासे टाकत राहा आणि चांगले दान पडण्याची वाट बघा, या सल्ल्याला धोरण म्हणता येईल का?

मग शहामृगांचे काय? ते तर तगले होते. इथे विरोधकांचा मुद्दा मला अंशतः मान्य आहे आणि तो मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. शहामृग म्हणजे कोंबडी नव्हे. त्यांच्यात हा रोग त्या प्रमाणात जीवघेणा नसतो. पण तगणे आणि निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थायलंडमध्ये २००४च्या साथीत शेतातून मोकळे चरणारी बदके हा मोठा दुवा ठरला होता, आणि त्याचे कारणच हे की बदके निरोगी दिसत राहूनही विषाणू सोडत होती. ‘पक्षी धडधाकट दिसतो’ हा पुरावा म्हणून अत्यंत कच्चा आहे. न्यायालयांनी तज्ज्ञ यंत्रणेच्या निर्णयाच्या जागी भावना ठेवण्यास नकार दिला, हे योग्यच झाले. तरीही एक प्रश्न उरतो आणि तो भावनेचा नाही. कत्तलीचे सगळे समर्थन तातडीवर उभे आहे. आज मारले नाही तर उद्या शेजारच्या केंद्रात जाईल, म्हणून आज मारायचे. ज्या आदेशाची अंमलबजावणी दहा महिन्यांनी होते, त्याच्या समर्थनातील तातडी कुठे गेली? दुर्मीळ वाणाच्या पक्ष्यांना कॅनडाच्या नियमांत सूट होती, ती या केंद्राने मागितली आणि ती नाकारली गेली; पण ‘वेळ निघून गेल्यावर काय’ या शक्यतेचा विचारच त्या धोरणात दिसत नाही. नियम बरोबर असूनही तो लागू करणारे हास्यास्पद ठरू शकतात, ते असे.

मारून रोग थोपवण्याची कल्पना आजची नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बुळकांडी (रिंडरपेस्ट) हा गुरांचा जीवघेणा रोग पसरला, तेव्हा पोपचे वैद्य जोव्हानी मारिया लान्चिसी यांनी उपचारांच्या नादी न लागता बाधित जनावरे मारण्याचा सल्ला दिला. १७१४ मध्ये इंग्लंडमध्ये राजघराण्याचे शल्यचिकित्सक टॉमस बेट्स यांनी त्याला एक महत्त्वाची जोड दिली: मारलेल्या जनावराची भरपाई. काही महिन्यांत तिथली साथ आटोक्यात आली. दीडशे वर्षांनी, १८६५ मध्ये, बुळकांडी पुन्हा ब्रिटनमध्ये उतरली तेव्हा हा धडा विस्मरणात गेला होता. औषधे, धुऱ्या, प्रार्थना सगळे करून झाले, लाखो गुरे गेली, आणि १८६६च्या कायद्याने सक्तीची कत्तल आल्यावरच रोग हटला. कत्तलीचे समर्थक ही कथा इथपर्यंत सांगतात आणि थांबतात. पण बुळकांडीचा इतिहास इथे थांबत नाही. २०११ मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले ते कत्तलीमुळे नव्हे. वॉल्टर प्लोराइट यांनी १९६०च्या सुमारास विकसित केलेली लस, तिचा आफ्रिका-आशियातील खेडोपाडी झालेला वापर आणि चिवट रोगसर्वेक्षण यांमुळे ते घडले. कत्तलीने श्रीमंत देशांच्या सीमा काही काळ सुरक्षित ठेवल्या. रोग संपवला तो लसीने. हा दुसरा अर्धा भाग गाळून पहिला सांगणे म्हणजे इतिहासाचा सोयीपुरता वापर.

विरोधकांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण मात्र वेगळा आहे. बुळकांडीला रानात कायमचे ठाणे नव्हते. गुरांमधून ती गेली की रानातल्या जनावरांमधूनही विझत असे. आजच्या एच५एन१ विषाणूचे ठाणे वन्य पक्ष्यांत आहे. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या एका पाळीव हंसात त्याचा पूर्वज सापडला. आज त्याचे वंशज स्थलांतरित पाणपक्ष्यांबरोबर खंड ओलांडतात, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर सागरी सिंहांचे मृतदेह अंथरतात आणि अंटार्क्टिकापर्यंत पोहोचतात. आकाशातून पडणाऱ्या रोगाला जमिनीवरच्या कोंबड्या मारून कसे रोखणार? या प्रश्नाला ‘रोखता येत नाही’ हेच खरे उत्तर आहे. २०१५च्या अमेरिकी साथीत विषाणू मुख्यतः एका पोल्ट्रीतून दुसऱ्या पोल्ट्रीत जात होता: माणसांच्या बुटांवरून, गाड्यांच्या चाकांवरून, सामायिक यंत्रांवरून. २०२२ नंतर बहुतेक प्रादुर्भाव वन्य पक्ष्यांकडून स्वतंत्रपणे आले. मग कत्तल व्यर्थ ठरते का? नाही, कारण कत्तल ठिणगी पडण्याला अटकाव करत नाही, ती एका ठिणगीचा वणवा होऊ देत नाही. बाधित शेडमधून बाहेर फेकला जाणारा विषाणूचा साठा ती बंद करते, आणि पोल्ट्रीतून परत रानात जाण्याची वाटही. पण हे उत्तर देताच समर्थकांवर एक जबाबदारी येऊन पडते. ठिणग्या दरवर्षी पडणार हे माहीत असताना, दरवर्षी जळालेले छप्पर पाडणे हेच तुमचे संपूर्ण नियोजन असेल, तर तुम्ही आग विझवत आहात की आगीबरोबर संसार थाटला आहे?

इथे दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ प्रथमच माणसांत शिरला. १८ जणांना लागण झाली, ६ जण मेले. डिसेंबरच्या अखेरीस प्रशासनाने अवघ्या काही दिवसांत तिथल्या जवळजवळ सर्व कोंबड्या, तेरा ते पंधरा लाख पक्षी, मारून टाकल्या आणि माणसांतली साथ थांबली. लोकांच्या स्मरणात ही कत्तल राहिली. मला त्यानंतरची वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. जिवंत बदके आणि हंस बाजारातून वेगळे काढले गेले; २००१ मध्ये पुन्हा प्रादुर्भाव झाल्यावर बाजार महिन्यातून ठरावीक दिवशी रिकामे करून धुण्याचा नियम आला; लावे पक्ष्यांची विक्री बंद झाली; पुढे स्थानिक कोंबड्यांना लस देणे सुरू झाले; २००८ मध्ये विक्रेत्यांना जिवंत पक्षी रात्रभर ठेवण्यास मनाई झाली. मध्ये पुन्हा प्रादुर्भाव झाले, पुन्हा पक्षी मारावे लागले. पण दर खेपेला काहीतरी बदलले. याउलट अमेरिकेत २०१५ मध्ये सुमारे ५ कोटी पक्षी गेल्यावर मोठ्या साथीपासून जवळजवळ सात वर्षांची उसंत मिळाली. त्या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जैवसुरक्षेचे, म्हणजे रोग शेडमध्ये शिरू नये यासाठीच्या खबरदारीचे, नियम कडक झाले, आणि २०२२ नंतर पोल्ट्रीतून पोल्ट्रीत होणारा प्रसार घटला तो बहुधा त्यामुळेच. पण लसीचा साठा विकत घेऊन तो न वापरता ठेवला गेला, आणि एकाच आवारात लाखो कोंबड्या ठेवणारी संकुले तशीच राहिली. २०२२ पासून २०२५च्या सुरुवातीपर्यंत तिथे १५ कोटींहून अधिक पक्षी या रोगापायी गेले. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरेच. पण सात वर्षे हातात कुदळ असताना न खणणाऱ्याला काय म्हणावे?

संकुलांचा आकार हा या वादातला दुर्लक्षित धागा आहे. आयोवा राज्यात मार्च २०२२ मध्ये अंड्यांच्या एका संकुलात पन्नास लाखांहून अधिक कोंबड्या मारण्यात आल्या. एवढे पक्षी एक-दोन दिवसांत सुसह्य रीतीने मारण्याची साधने कुणाकडेही नाहीत. म्हणून मग वायुवीजन बंद करून शेड तापवण्याची पद्धत वापरली जाते, जिच्यात पक्षी उष्माघाताने तडफडून मरतात. कत्तलीचा समर्थक म्हणून मला हे लिहिताना बरे वाटत नाही, आणि वाटूही नये. फेस किंवा वायूने गुदमरवण्याच्या तुलनेने कमी यातनांच्या पद्धती आहेत, पण त्या ठरावीक संख्येपर्यंतच झेपतात. म्हणजे मरणाची रीत ही संकटाच्या दिवशी ठरत नाही. ती शेड बांधण्याच्या दिवशी ठरते. ज्या आकाराची पोल्ट्री साथीच्या वेळी सुसह्य रीतीने रिकामी करता येत नाही, त्या आकाराला परवानगी का मिळावी? मुक्त चराईचे पुरस्कर्ते या टप्प्यावर आनंदून पुढे येतात, पण त्यांनीही थांबावे: उघड्यावर फिरणारा पक्षी वन्य बदकांच्या विष्ठेच्या अधिक जवळ असतो, आणि म्हणूनच युरोपात साथीच्या काळात पक्षी आत ठेवण्याचे आदेश निघतात. मोठी शेड संसर्ग ओढून आणते असे नाही. ती झालेल्या संसर्गाची किंमत अवाढव्य करते.

ती किंमत कोंबड्याच देतात असेही नाही. जुलै २०२४ मध्ये कोलोरॅडोत चाळीस अंशांच्या आसपासच्या उष्म्यात शेडमधल्या कोंबड्या मारण्याचे काम करणाऱ्या मजुरांनाच लागण झाली. पंख्यांच्या झोताने पिसे आणि धूळ उडत होती, घामाने चष्मे आणि मुखपट्ट्या जागेवर राहत नव्हत्या. माणसांना वाचवण्यासाठी केलेली कत्तल ज्यांच्या हातून होते त्या माणसांना वाचवत नसेल, तर तिच्या समर्थनाचा पायाच डळमळतो. नेदरलँड्समध्ये २००३ च्या एच७एन७ साथीत ८९ जणांना लागण झाली, बहुतेकांचे फक्त डोळे आले, पण एक पशुवैद्य दगावला.

नेदरलँड्सच्या त्याच साथीत दुसरीही एक गोष्ट घडली, जी विरोधकांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. संसर्ग सुमारे अडीचशे केंद्रांत होता. रिकामी केलेली केंद्रे हजाराहून अधिक होती, आणि मारलेले पक्षी ३ कोटींच्या आसपास. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ-खुरकुताच्या साथीत ६० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली, त्यांतली कितीतरी केवळ शेजारी असण्याच्या गुन्ह्यासाठी. सुक्याबरोबर ओलेही जळते, असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. एका छपराखाली एकच हवा घेणारे पक्षी आणि अर्धा कोस दूरच्या वेगळ्या केंद्रातले निरोगी पक्षी यांत तर्काचा मोठा फरक आहे. पहिल्यांना मारण्यासाठी रोगाचे शास्त्र पुरेसे आहे. दुसऱ्यांना मारण्यासाठी त्या विशिष्ट ठिकाणी प्रसार कसा होतो आहे याचा पुरावा लागतो. तो नसताना मारणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे. आणि पुरावा असला तरी कायदा लागतो. डेन्मार्कने २०२० मध्ये करोनाच्या भीतीने देशातील सगळे, दीड कोटीहून अधिक, मिंक (फरसाठी पाळले जाणारे मुंगसासारखे प्राणी) मारण्याचा आदेश दिला. निरोगी कळप मारण्याचा कायदेशीर अधिकारच सरकारकडे नव्हता हे नंतर उघड झाले आणि संबंधित मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

आता लसीबद्दल, कारण मिळवलेल्या वेळाचा सर्वांत चांगला उपयोग तोच आहे आणि सर्वांत जास्त टाळाटाळही तिथेच आहे. लसीविरुद्धचा शास्त्रीय आक्षेप खरा आहे: लस दिलेला पक्षी आजारी न दिसता विषाणू बाळगू शकतो, आणि मग रोग मुकाट्याने फिरतो. मेक्सिकोने जानेवारी १९९५ मध्ये लसीकरण सुरू केले. संहारक प्रकार काही महिन्यांत गेला, पण सौम्य प्रकार राहिला आणि वर्षांगणिक बदलत लसीपासून दूर सरकत गेला. इजिप्त आणि इंडोनेशियात लस असूनही रोगाने मुक्काम ठोकला. पण या अपयशांतून निघणारा निष्कर्ष ‘लस नको’ असा नाही. ‘सर्वेक्षणाविना लस नको’ असा आहे. लसीमुळे आलेली प्रतिकारशक्ती आणि प्रत्यक्ष संसर्गामुळे आलेली, यांत फरक ओळखणारी चाचणी-पद्धती इटलीने २००० नंतर वापरून दाखवली. फ्रान्समध्ये २०२१-२२ च्या हंगामात तेराशेहून अधिक प्रादुर्भाव झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बदकांचे सक्तीचे लसीकरण, सोबत नियमित चाचण्या, सुरू झाल्यावर त्या हंगामात ही संख्या दहाच्या आसपास आली. वन्य पक्ष्यांतला विषाणूही त्या वर्षी ओसरला होता, म्हणून सगळे श्रेय लसीला देता येणार नाही. पण हा फरक केवळ योगायोगाचा मानण्याइतका लहानही नाही. चीनमध्ये २०१३ पासून एच७एन९ ने दीड हजारांहून अधिक माणसांना गाठले होते. सुरुवातीची काही वर्षे हा विषाणू कोंबड्यांना आजारीच पाडत नसल्याने कोणते पक्षी मारावेत हेही कळत नव्हते. २०१७ च्या शरद ऋतूत कोंबड्यांना एच५ आणि एच७ या दोन्हींची लस दिली जाऊ लागली, आणि नंतरच्या वर्षांत माणसांतले रुग्ण बोटांवर मोजण्याइतके उरले.

मग अडते कुठे? व्यापारात. फ्रान्सने लस सुरू करताच अमेरिकेने तिथल्या पक्षी-उत्पादनांच्या आयातीवर निर्बंध घातले. खुद्द अमेरिकेत या रोगाने मुख्यतः अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि टर्की मरतात, तर लसीला मुख्य विरोध मांसाच्या कोंबड्यांच्या उद्योगाचा आहे, कारण निर्यात त्याची आहे. म्हणजे एका उद्योगाचा बाजार सांभाळण्यासाठी दुसऱ्या उद्योगाचे पक्षी मरतात, आणि या व्यवहाराला ‘विज्ञानाधिष्ठित धोरण’ असे नाव मिळते. हे नाव किती लवचिक आहे ते मार्च २०२४ मध्ये दिसले, जेव्हा हाच विषाणू अमेरिकेतील दुभत्या गाईंत सापडला आणि गोठे रिकामे करण्याचा विचार कुणीही केला नाही. गाई बहुधा बऱ्या होतात आणि कोंबड्या होत नाहीत, हे त्याचे रास्त कारण आहे. गाय महाग असते, हे दुसरे कारणही तितकेच खरे आहे, मात्र ते कुणी उच्चारत नाही.

भरपाईबद्दल टॉमस बेट्स यांनी तीनशे वर्षांपूर्वी जे ओळखले ते आजही लागू आहे: भरपाई ही दया नसून खबर मिळवण्याची किंमत आहे. आजाराची पहिली शंका येताच कळवणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो कळवणार नाही, आजारी पक्षी घाईने विकेल, आणि विषाणू त्या गाडीतून पुढच्या गावी जाईल. अमेरिकेत जिवंत असताना मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही; लवकर कळवण्याला यापेक्षा स्पष्ट प्रोत्साहन असू शकत नाही. पण भरपाईची दुसरी बाजू अशी की ती बिनशर्त असेल तर पुढच्या हंगामातली बेफिकिरीही तीच पोसते. डिसेंबर २०२४ मध्ये, चालू साथीत दहा कोटींहून अधिक पक्षी गेल्यावर, अमेरिकेच्या कृषी खात्याने नियम बदलला: ज्या केंद्रात आधी संसर्ग होऊन गेला आहे, त्याने पुन्हा पक्षी भरण्यापूर्वी जैवसुरक्षेची तपासणी पार केली तरच पुढची भरपाई. गेल्या वेळेनंतर तुम्ही काय बदलले, हा प्रश्न पोल्ट्रीचालकाला विचारायला जवळजवळ तीन वर्षे लागली. कत्तलीचा आदेश काढणाऱ्या यंत्रणेला तोच प्रश्न विचारणारा नियम अजून कुठे झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.